'स्लाइस ऑफ लाइफ'ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल
एका दिवाळी अंकासाठी जपानी शालेय विनोदी अ‍ॅनिमेंवर, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांवर, लेख लिहिते आहे. रोजचं साधं जगणं दाखवणाऱ्या या प्रकाराला इंग्रजीत 'स्लाइस ऑफ लाइफ' म्हणतात. मी 'स्लाइस ऑफ लाइफ' असंच लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'जीवनखंड' केलं. वाचताना कुणाच्या तरी आत्मचरित्राचा दुसरा खंड वाटतो! या मालिकांत तर मोठं काही घडतच नाही. 'अझुमांगा दायो'मध्ये दहा वर्षांची चियो हुशार म्हणून थेट हायस्कुलात येते, साकाकीला मांजरं आवडतात आणि गल्लीतलं मांजर तिला दर वेळी चावतं. मालिका २००२ची. त्यानंतर जन्मलेली माझी भाची आज ती बघून पोट धरून हसते. याला नेमका शब्द सुचवा.

शब्दवेडा
'जीवनखंड' टाकाऊ आहे, पण इंग्रजी शब्द तसाच ठेवणं हा आळस. 'दिग्दर्शक' सावरकरांनी घडवला, आज तो कुणाला परका वाटतो? 'नित्यपट' करा.

वैदर्भी
नित्यपट म्हटलं की मला नित्यपाठ आठवतो, हरिपाठाच्या शेजारचा. आमच्या नागपुरात सरळ 'रोजमर्रा' म्हणतात, सगळ्यांना कळतं.

शब्दवेडा
तो हिंदी झाला.

वैदर्भी
मग 'रोज' कुठला? फारसीच ना? 'रोजनिशी'तला 'निशी'सुद्धा तिकडचाच, चिटणीस-फडणीसातल्या 'नीस'चा भाऊ. ते चालतात आणि रोजमर्राच तेवढा बाटतो, हे मला मान्य नाही.

निशिकासाईकर
तोक्योत राहतो म्हणून सांगतो. जपानीत या प्रकाराला 'निचिजो-केई' म्हणतात. निचि म्हणजे दिवस, जो म्हणजे नेहमीचं, केई म्हणजे जातकुळी. दुसरा शब्द 'कूकी-केई', कूकी म्हणजे हवा. म्हणजे गोष्ट नाही, नुसतं वातावरण. कापाकापी कुठेच नाही. 'स्लाइस' मुळात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या फ्रेंच निसर्गवादी (जगणं जसंच्या तसं दाखवणाऱ्या) रंगभूमीवरचा, झाँ ज्युलियाँ या नाटककाराच्या नावावर सांगतात. तिथला जीवनाचा तुकडा बहुधा कडवट असायचा. तेच लेबल चहा-केक खात बसणाऱ्या पोरींच्या क्लबाला लागलं. आपण इंग्रजीचं भाषांतर कशाला करायचं? मूळ शब्दापासूनच सुरुवात करू.

कोकणी_काप
नावाला जागून बोलतो. 'काप' शब्दाला कमी लेखू नका. आमच्याकडे नीरफणसाचे काप तव्यावर पडले की घरभर कळतं. आणि संस्कृतात 'क्लृप्तकेश' म्हणजे केस कापलेला. म्हणजे 'कापणे' आणि 'कल्पना' एकाच धातूचे! जीवनाचा काप म्हणजेच जीवनाची कल्पना.

शब्दवेडा
धातू एक असेल, पण अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीच वेगळे झाले. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. आणि फळाची असते ती फोड.

कोकणी_काप
आंब्याची फोड, सुरणाचे काप. फोडीला बाठा किंवा साल लागते, कापाला नाही.

वैदर्भी
लोणच्यात फोडीच असतात, त्यांना बाठ्याची कोय असते म्हणून? आणि सफरचंदाची फोड कशी चालते मग?

पाटीपेन्सिल
भाजीबाजारातून परत येऊ या. मला शब्दात एक गोष्ट हवी आहे, ती अजून कुणाच्याच शब्दात नाही. 'साझाए-सान' ही एका कुटुंबावरची कार्टून मालिका १९६९पासून दर रविवारी संध्याकाळी चालू आहे आणि त्यातलं कुणीच मोठं होत नाही. तेही रोजचंच जगणं. पण शालेय मालिकांना तीन वर्षांची मुदत असते. एप्रिलमध्ये प्रवेश, मार्चमध्ये निरोप. 'के-ऑन!'मध्ये शाळेच्या संगीत क्लबातल्या चौघी पुढे निघून जातात आणि एक वर्षाने लहान असलेली अझुसा मागे राहते, तिच्यासाठी त्या गाणं म्हणतात. आधीचे सगळे रिकामे चहाचे तास तेव्हा एकदम मौल्यवान होतात. माझ्या मते लोक पुन्हा पुन्हा तिकडे जातात ते यासाठी. 'नित्य' म्हटलं की न संपणारं वाटतं. हे संपणारं आहे.

वैदर्भी
मला नाही पटत. 'लकी स्टार' या शालेय मालिकेच्या पहिल्याच भागात शंखासारखा चॉकलेटचा पाव कुठल्या टोकाकडून खायचा यावर चर्चा चालते. निरोपाचा विचारही मनात नसतो, आणि तरी मी ती तीनदा पाहिली. मजा टंगळमंगळीची आहे. तोच शब्द घ्या की, 'टंगळमंगळ मालिका'.

शब्दवेडा
टंगळमंगळ म्हणजे कामचुकारपणा. दोष आहे त्यात.

वैदर्भी
दहावीच्या वर्षात टंगळमंगळ केली नसती तर मला मैत्रिणीच मिळाल्या नसत्या. दोष तुमच्या कोशात असेल.

निशिकासाईकर
टंगळमंगळ पाहणाऱ्याला वाटते, रचना मात्र काटेकोर असते. 'अझुमांगा' मुळात चित्रकथा, १९९९ ते २००२ चार चौकटींच्या पट्ट्यांत छापून आली. चार चौकटी म्हणजे कि-शो-तेन-केत्सु : मांडणी, वाढ, कलाटणी, शेवट. त्यातली ओसाका नावाची मुलगी बोलते ते तंद्रीतलं वाटतं, पण कलाटणीच्या चौकटीवर अचूक बसतं. तिचं खरं नाव कासुगा आयुमु. ओसाकाहून बदलून आली म्हणून वर्गाने गावाचंच नाव ठेवलं.

कोकणी_काप
आपल्याकडे असं नाव आडनावच होऊन बसतं. चिपळूणकर, राजापूरकर. हा 'कर' कुठून आला, करणारा की राहणारा?

शब्दवेडा
त्यावर वेगळा धागा काढा. पण 'कर' संस्कृत 'कर'च, असं ठाम धरू नका.

पाटीपेन्सिल
अंक छापायला जायच्या आत शब्द हवा होता. सध्या 'रोजच्या दिवसांच्या मालिका' असं सरळ लिहिते आहे. 'के-ऑन!'मधली मुगी क्लबात केक आणते, त्याच्या स्लाइसला तरी काय म्हणू?

कोकणी_काप
काप.

वैदर्भी
तुकडा. केकचा काप कोण म्हणतं?

शब्दवेडा
फोड तर मुळीच नाही.