लेक जर्मनीला चाललीय: व्हिसा-मास्टरकार्डशिवाय रोजची खरेदी भागते का?

चप्पल_लाईन_कोल्हापूर
राम राम मंडळी. आमचं चपलांचं दुकान, मी तिसऱ्या पिढीतला. ऑक्टोबरात धाकटी लेक एम.एस.ला कार्ल्सरूहला चाललीय. बँकेत विचारलं तर म्हणाले, फॉरेक्स कार्ड घ्या, विषय संपला. हातात घेऊन बघितलं तर कोपऱ्यात व्हिसा.

मी गल्ल्यावर बसणारा माणूस. गिऱ्हाईकानं कापशी घेतली, क्यूआरवर बाराशे टाकले, की बाराशेच्या बाराशे खात्यात येतात. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला कट नाही. आणि मार्च 2022 मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड दोघांनी रशियातला कारभार थांबवला, तेव्हा बाहेरच्या देशांतली त्यांची कार्डं तिथं चालेनाशी झाली. ते तेव्हापासून माझ्या डोक्यातनं जात नाही. युरोपवाल्यांचं स्वतःचं काही आहे का? ब्रेड, भाजी, भाडं एवढं पोरीचं त्यावर भागेल का?

गडहिंग्लजचा_पोरगा
काका, मी सहा वर्षं कार्ल्सरूहलाच आहे. बऱ्यापैकी भागतं. फॉरेक्स कार्ड असू द्या, इथलं खातं उघडेपर्यंत तेच लागणार. पण खातं उघडताना तिनं एकच विचारायचं: जिरोकार्ड मिळणार का? ते जर्मन बँकांचं स्वतःचं कार्ड, जर्मनीतल्या दुकानात त्याचा व्यवहार अमेरिकन नेटवर्कवरनं जात नाही. नुसत्या ॲपवर चालणाऱ्या काही बँका ते देत नाहीत किंवा वेगळे पैसे घेतात. श्पारकासं नाहीतर फोक्सबांकमध्ये मिळतं. आपल्या जिल्हा बँकेसारख्या गावोगाव आहेत त्या.

माझ्या गल्लीतल्या बेकरीच्या दारावर कागद चिकटवलाय: फक्त रोख किंवा ईसी कार्ड. ईसी हे जिरोकार्डचंच जुनं नाव, लोकांच्या तोंडात बसलेलं. पहिल्या आठवड्यात मी तिथं व्हिसा घेऊन उभा. मागं रांग, खिशात एक युरो. पिशवीत भरलेले दोन्ही ब्रेड बाईंनी परत काढून ठेवले.

मैत्रिणीला पैसे द्यायचे तर वेरो, म्हणजे युरोपातल्या बँकांचंच यूपीआयसारखं. जुलै 2024 ला जर्मनीत सुरू झालं, नंतर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये. फोन नंबर टाकायचा, या खात्यातनं त्या खात्यात लगेच. गल्लोगल्ली क्यूआर मात्र दिसणार नाहीत, ती सवय सोडावी लागेल. भाडं, वीज, मोबाईल यांना लास्टश्रिफ्ट, म्हणजे खात्यातनं परस्पर वजा. चुकीचे कापले तर आठ आठवड्यांच्या आत कारण न सांगता परत मागता येतात. ऑनलाइन खरेदीला इथं बरेच जण पेपाल वापरतात, तेही अमेरिकनच. 'रेश्नुंग' असं दिसलं तर ते निवडायचं: आधी वस्तू येते, मग बिल बँकेतनं भरायचं.

चप्पल_लाईन_कोल्हापूर
लई उपकार झाले, बाळा. पोरीला फोन टेकवून पैसे द्यायचे असतील तर? तिथं परत गुगल आलंच की.

गडहिंग्लजचा_पोरगा
अँड्रॉइड असेल तर श्पारकासंचं स्वतःचं ॲप आहे. त्यात जिरोकार्ड घालता येतं, गुगल लागत नाही. फक्त सीमेपलीकडं स्ट्रासबुर्गला फिरायला गेली, की कार्डावरचं दुसरं चिन्ह कामाला येतं, आणि ते व्हिसा नाहीतर मास्टरकार्डवाल्यांचंच असतं. तेवढं टळत नाही.

शाहूपुरी_ते_आयंडहोवन
काका, नेदरलँड्सची गोष्ट सांगते. इथं ऑनलाइन खरेदीला 2005 पासून आयडील आहे, बँकेचं ॲप उघडून होकार दिला की झालं. 2023 मध्ये वेरोवाल्यांनीच ते घ्यायचं ठरवलं. पण दुकानातल्या मशीनसाठी डच बँकांची स्वतःची 'पिन' व्यवस्था होती, ती 2012 पर्यंत मोडून मेस्ट्रो आणि व्ही पे घेतलं. म्हणजे मास्टरकार्ड आणि व्हिसा. त्यामुळं आज मी भाजी घेते ती अमेरिकन कार्डावरच. मनाला फार लागतं हे. तुमच्या लेकीला जिरोकार्ड मिळत असेल तर सोडू नका.

चप्पल_लाईन_कोल्हापूर
ताई, बाळा, दोघांनाही नमस्कार. खोक्याच्या झाकणावर लिहून घेतलंय: जिरोकार्ड, श्पारकासं, वेरो, लास्टश्रिफ्ट. लेक शेजारी बसून उच्चार दुरुस्त करतेय.