वेस्ट बँकेत वाटाघाटींसाठी जमीन उरली आहे का?

खडकवाट
इस्रायल-पॅलेस्टाइनचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं बायबलपासून सुरू होतं आणि गाझातल्या हमास या सशस्त्र संघटनेने ७ ऑक्टोबर २०२३ ला केलेल्या हल्ल्यावर येऊन थांबतं. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे: वेस्ट बँकेतली, म्हणजे इस्रायल आणि जॉर्डन नदी यांच्यामधल्या पॅलेस्टिनी भागातली, जमीन पॅलेस्टिनींच्या हातची जाते कशी?

१९६७ च्या युद्धात इस्रायलने हा भाग जॉर्डनकडून घेतला. तिथली जमीन मोजून नोंदवायचं काम ब्रिटिशांनी सुरू केलं होतं, जॉर्डनने पुढे नेलं, पण जेमतेम एक-तृतीयांश जमिनीची नोंद झाली होती. १९६८ साली इस्रायली लष्कराने ते काम थांबवलं. त्यामुळे बहुतेक शेतकऱ्यांकडे आपल्या सातबाऱ्यासारखा कागदच नाही. आजोबा कसत होते, आम्ही कसतो, एवढाच पुरावा. पुढे १९७९ मध्ये एलोन मोरे खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने इस्रायली नागरिकांच्या वसाहतीसाठी लष्कराचं निमित्त करून खासगी जमीन घ्यायला चाप लावला. मग सरकारने १८५८ चा, तुर्की राजवटीतला उस्मानी जमीन कायदा बाहेर काढला. त्यात सलग तीन वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीवर राज्याला हक्क सांगता येतो. डोंगरउतार, माळरान, गुरं चारायच्या जागा अशा रीतीने सरकारी ठरल्या आणि तिथे वसाहती उठल्या.

१९९३ ला इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमध्ये ओस्लो करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून लाखभर इस्रायली तिथे राहत होते, आज पाच लाखांवर आहेत. इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा दोन राष्ट्रांचा तोडगा वसाहतींनीच मारला, असं माझं ठाम मत आहे.

निळाई
जमिनीचा इतिहास १९६७ पासूनच का मोजायचा? वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनमध्ये ज्यू शतकानुशतकं राहत होते. १९२९ च्या दंगलीत त्यांच्यातल्या ६७ जणांना मारलं, उरलेल्यांना गाव सोडावं लागलं. वेस्ट बँकेतल्याच गुश एत्झियॉन भागातली जमीन ज्यूंनी १९४८ च्या आधी पैसे मोजून घेतली होती. मे १९४८ मध्ये तिथलं क्फार एत्झियॉन गाव पडलं तेव्हा शरण आलेल्यांचीही कत्तल झाली. पुढची १९ वर्षं राज्य जॉर्डनचं होतं आणि जेरुसलेममधल्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी ज्यूंना प्रार्थनेला जाता येत नव्हतं. त्या १९ वर्षांत तिथे पॅलेस्टिनी राष्ट्र का उभं राहिलं नाही?

आणि जमीन सोडून काय मिळालं ते गाझात दिसलं. २००५ मध्ये तेव्हाचे इस्रायली पंतप्रधान शेरॉन यांनी तिथल्या आठ हजारांवर वसाहतवाल्यांना सैनिक लावून उठवलं. दोन वर्षांत हमासने गाझा ताब्यात घेतलं. ७ ऑक्टोबरला सुमारे १२०० माणसं मारली, २५१ जणांना ओढून नेलं. नेतान्या शहरापाशी समुद्र आणि वेस्ट बँक यांच्यात जेमतेम १५ किलोमीटर अंतर आहे. वेस्ट बँकेतल्या टेकड्यांवर उद्या हमास बसली, तर जबाबदारी कोणाची?

अंजनवेल
निळाईताईंनी मांडलेली भीती मला जवळून माहीत आहे. माझी शाळेतली मैत्रीण अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, आता इस्रायलमधल्या अश्दोदला असते. हल्ल्याचा भोंगा वाजला की मिनिटभराच्या आत नातवंडांना घेऊन सुरक्षित खोली गाठायची, असे दिवस तिने काढले आहेत. आपल्या कोकणातून गेलेले हे लोक दिमोना, बेअर शेवा, अश्दोद, लोद अशा गावांत राहिले. त्यांना सरसकट 'जमीन बळकावणारे' म्हणणं मला सहन होत नाही.

पण वसाहतींचं समर्थन मी करणार नाही. वेस्ट बँकेत एकाच रस्त्यावर दोघांनी सारखा गुन्हा केला, तर वसाहतीतल्या माणसावर इस्रायलच्या नेहमीच्या नागरी न्यायालयात खटला चालतो, पॅलेस्टिनी माणसावर लष्करी न्यायालयात. याला सुरक्षा कसं म्हणायचं?

खडकवाट
हेब्रॉन आणि क्फार एत्झियॉनमधल्या कत्तलींना कोणतीही सबब नाही. मात्र १९४८ पूर्वीची मालकी धरायची तर दोन्हीकडे धरा. पूर्व जेरुसलेममधली जुनी मालमत्ता ज्यूंना १९७० च्या कायद्याने परत मागता येते, तिथल्या शेख जर्राह वस्तीतली पॅलेस्टिनी कुटुंबं त्याच आधारावर बाहेर काढली गेली. इस्रायलमधल्या हैफा-याफातून गेलेल्या अरबांची घरं मात्र १९५० च्या 'अनुपस्थितांच्या मालमत्ते'च्या कायद्याने सरकारजमा झाली. ती परत मागायची सोय नाही.

गाझातून माघार घेतली ती करार न करता. हवाई हद्द आणि समुद्र इस्रायलच्याच हातात राहिले. ७ ऑक्टोबरनंतर तिथे साठ हजारांहून अधिक माणसं मेल्याची नोंद गाझाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आहे, तेही विसरू नका. आणि टेकडीवर सुरक्षेसाठी लष्कराची चौकी लागते. बालवाडी असलेली वसाहत केली तर तिलाच राखायला सैनिक ठेवावे लागतात.

निळाई
भांडण जमिनीचंच असतं तर २००८ मध्ये मिटलं असतं. तेव्हाचे इस्रायली पंतप्रधान ओल्मर्ट यांनी वेस्ट बँकेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग देऊ केला, राहिलेल्याच्या बदल्यात इस्रायलमधली जमीन. पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांनी सही केली नाही. २००० मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटींतून पॅलेस्टिनी नेते अराफातही करार न करता परतले आणि त्यानंतर दुसऱ्या इंतिफादात (पॅलेस्टिनी उठावात) बसमध्ये, हॉटेलांत बॉम्ब फुटले. हजारभर इस्रायली गेले.

खडकवाट
त्या इंतिफादात तीन हजारांवर पॅलेस्टिनीही गेले. ओल्मर्ट यांनी नकाशा दाखवला, पण प्रत दिली नाही. अब्बास यांनी तो हाताने कागदावर उतरवून घेतला. भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे ओल्मर्ट तेव्हा स्वतःच पायउतार होत होते. त्या नकाशात आरिएल वसाहत इस्रायलकडे होती. ती वेस्ट बँकेच्या पोटात इतकी आत आहे की तिच्यापर्यंतचा पट्टा काढला की पॅलेस्टिनी गावांची ताटातूट होते.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ई-वन भागात ३४०० च्या आसपास घरांना मंजुरी मिळाली. पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमीम वसाहत यांच्यामधली ही जागा. ती भरली की रामल्ला आणि बेथलेहेम या पॅलेस्टिनी शहरांमधला सलग प्रदेश तुटतो. यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना गाडली जाईल, असं अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी उघडपणे सांगितलं.

निळाई
स्मोट्रिच म्हणजे सगळा इस्रायल नव्हे. हमासने आधी शस्त्रं खाली ठेवावीत, मग ई-वनवर बोलू.

खडकवाट
वेस्ट बँकेतल्या शहरांचा कारभार हमासकडे नाही, ओस्लो करारातून उभ्या राहिलेल्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आहे. पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेने १९९३ लाच इस्रायलचं अस्तित्व लेखी मान्य केलं. प्राधिकरणाचे पोलीस इस्रायली लष्कराशी समन्वय ठेवतात. आणि वसाहती वाढल्या त्या यांच्याच जमिनीवर. वेस्ट बँकेतल्या नाबलूसच्या तरुणाला यातून काय कळणार?

निळाई
त्याच प्राधिकरणाने तुरुंगातल्या हल्लेखोरांच्या घरी वर्षानुवर्षं पैसे पाठवले आणि २००६ नंतर संसदेची निवडणूक घेतली नाही. नाबलूसच्या तरुणाने हा प्रश्न रामल्लात, प्राधिकरणालाही विचारावा.