बोंबील इतकं पाणी का सोडतो? आणि त्याच्या पोटात छोटा बोंबील कुठून आला?

कोथरूडकर
गणेश पेठेतून आणलेले बोंबील धुऊन ठेवले की अर्ध्या तासात ताटात पाणी साचतं. हे पाणी माशाचं की बर्फाचं? मऊ पडलेला बोंबील शिळा समजायचा का? साफ करताना कधी कधी पोटात बोटाएवढा अख्खा बोंबीलच निघतो. हा मासा अंडी न घालता पिल्लं देतो का? आणि तव्यावर तुकडे होऊ नयेत म्हणून काय करावं?

खाडीकाठ
पाणी बहुतेक माशाचंच. बोंबलाच्या मांसात 85 ते 90 टक्के पाणी असतं, बांगड्यात 70-75 च्या आसपास. जाळ्यातून नुकता काढलेला बोंबीलसुद्धा हातात लुळाच पडतो, तेव्हा मऊपणावरून काही ठरवू नका. कल्ले उघडून बघा, लाल हवेत. अंग किंचित पारदर्शक आणि चकचकीत हवं. दुधट पांढरं झालं असेल तर नको. पोट फुटलेला तर अजिबात घेऊ नका. जवळ्याने (अगदी बारीक कोळंबीने) भरलेलं पोट उन्हात किंवा कमी बर्फात राहिलं की आतले पाचकरस पोटाची भिंतच खातात आणि तिथून मांस सडायला लागतं.

पोटातला बोंबील हे पिल्लू नाही, जेवण आहे! बोंबील अंडीच घालतो, आणि जवळजवळ वर्षभर. मुख्य खाणं जवळा, पण आपल्याच जातीचे लहान मासे तो सर्रास गिळतो. ओळखायची खूण सोपी: गाबोळी म्हणजे पाठीच्या कण्याखालच्या दोन लांबट पिशव्या, अंड्यांच्या बारीक दाण्यांनी भरलेल्या. अख्खा मासा निघतो तो जठरातून, बहुधा अर्धवट पचलेला. तोंडात बोट घालून बघा (सांभाळून): सुईसारखे दात आत वळलेले आहेत आणि आतल्या बाजूला दुमडतात. भक्ष्य आत सरकतं, बाहेर येत नाही.

तवा_गरम
अर्धा किलोत मध्यम आकाराचे सहा-आठ बसतात. डोकं, पर आणि शेपटी कात्रीने कापा, पोट चिरून काळी घाण काढा, धुऊन लगेच निथळा. पाण्यात भिजत ठेवू नका. पोटाकडून उघडून आडवा पसरा, मधला काटा काढा. एक छोटा चमचा मीठ सगळ्यांना मिळून. सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवा, वर ताट आणि त्यावर पाटा किंवा तीन-चार किलोचं वजन. खालचं ताट एका बाजूने उचलून ठेवा म्हणजे पाणी वाहून जाईल. दीड तास पुरे. उन्हाळ्यात हे सगळं फ्रिजमध्ये.

मीठ जास्त आणि वेळही जास्त झाला तर मासा खारट होतो. मसाल्यात आगळ (कोकमाचा आंबट अर्क) शेवटी घाला, आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवायचं ते तेल तापल्यावरच. आधी घोळवून ठेवलं की रवा पाणी ओढतो आणि कवच तव्यालाच राहतं. पहिली बाजू कडक होईपर्यंत उलथनं लावू नका.

कोथरूडकर
मनापासून आभार. मालवणी मित्र म्हणतात, आमच्याकडे बोंबील फारसा नाहीच. खरं का?

खाडीकाठ
खरं आहे. आपल्या किनाऱ्यावर तो मुख्यतः रत्नागिरीच्या उत्तरेला, थेट गुजरातपर्यंत. त्याला उथळ, चिखलाचा तळ आणि जोरदार भरती-ओहोटी लागते, आणि जवळाही तिथेच भरपूर. मग तो पुन्हा मोठ्या प्रमाणात भेटतो बंगालकडे. 1822 मध्ये हॅमिल्टन या निसर्ग-अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेही गंगेच्या मुखाकडच्या माशावरून.

पुण्यात घेताना तिथी बघा. बोंबील डोल जाळ्यात येतो. ही जाळी एका जागी बांधलेली असते, पाण्याच्या ओढीनेच मासा आत शिरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ जोरात, अष्टमी-नवमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) मंद, म्हणून माल कमी. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा ढिगाने दिसणारा बोंबील गोठवलेला आहे का, हे विचारून घ्या.

तवा_गरम
त्या दोन महिन्यांत सुकेच घ्या. सात किलोच्या आसपास ओल्या बोंबलाचा एक किलो सुका होतो, तेव्हा भाव बघून दचकू नका. वाकवला की कडक लागायला हवा. चिवट वाकला तर ओल राहिली आहे, पावसाळी हवेत डब्यात बुरशी धरेल. घरी आणल्यावर मंद तव्यावर कोरडे शेकून, पूर्ण गार करूनच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.