गणपतीला हॉलमध्ये मास्क: सक्ती हवी का?

५ सप्टेंबर २०२१

सर्वांना सप्रेम नमस्कार,

शनिवारच्या पत्रकात "हॉलमध्ये मास्क बंधनकारक" असं आहे. त्याचा खरंच उपयोग होतो का, एवढंच विचारतो. डेन्मार्कमध्ये गेल्या वर्षी सुमारे ६,००० लोकांवर मास्कची चाचणी झाली. मास्क वापरायला सांगितलेल्यांपैकी १.८ टक्के लोकांना कोरोनाची लागण झाली, बाकीच्यांत २.१ टक्के. एवढ्याशा फरकासाठी लहान मुलांना आणि आम्हा म्हाताऱ्यांना दोन तास कोंडायचं? गेल्या वर्षी आरती झूमवर केली. यंदा मोकळ्या गळ्याने म्हणू द्या.

तुमचा,
काका

---

काका, नमस्कार.

आकडे बरोबर आहेत. पण मास्क लावणारा स्वतः किती वाचतो, एवढंच त्या चाचणीने पाहिलं. त्याच्या मास्कमुळे शेजारचा वाचला का, हे मोजलंच नाही. शिवाय सांगितल्याप्रमाणे मास्क वापरला असं म्हणणारे निम्म्याहून कमी होते.

याच आठवड्यात बांगलादेशातल्या चाचणीचा निकाल आलाय (निबंध रीतसर छापून यायचाय अजून). ६०० गावं, ३ लाख ४० हजारांहून जास्त माणसं. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क वाटले, बिनमास्कचा कोणी दिसला की थांबवून सांगितलं, इमामांनाही सोबत घेतलं. वापर १३ टक्क्यांवरून ४२ वर गेला. लक्षणं दिसून रक्ततपासणीत पक्की झालेली लागण ९ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत ११ टक्क्यांनी, आणि तिथल्या साठीपुढच्या लोकांत ३५ टक्क्यांच्या आसपास. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही. आणि हे सगळं निम्म्याहून जास्त लोक बिनमास्कचे असताना!

मला त्यातली माणसांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवून काही वाढ झाली नाही. वापर सगळ्यात जास्त वाढला तो मशिदींत. आपण काय करतो, तर पत्रकात एक ओळ टाकतो.

गेल्या महिन्यात मंगळागौरीला मी दारात नावं लिहून घेत होते. आत शिरताना एकूण एक बाईचा मास्क नाकावर होता. फुगड्या सुरू झाल्या, दम लागला, घामाने कापड ओलं होऊन तोंडाला चिकटायला लागलं आणि तासाभरात सगळे मास्क हनुवटीवर. मग त्याच बंद खोलीत जेवणं. कोणालाही दोष देत नाही, मीही जेवले तिथेच. पण याला "मास्क लावून बघितला" म्हणता येणार नाही.

मोकळ्या गळ्याचीच तर मला भीती वाटते, काका. वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्ननला मार्च २०२० मध्ये समूहगायनाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं. त्यातली ५३ आजारी पडली, दोघं गेली. आपणही बंद हॉलमध्ये टाळ्या वाजवत एकामागून एक आरत्या म्हणणार, तीही वरच्या पट्टीत.

माझ्या सासूबाईंचं मूत्रपिंड बदललंय. औषधांमुळे लस घेऊनही त्यांना पुरेसं संरक्षण मिळेल याची डॉक्टरांना खात्री नाही. त्या रोज विचारतात, "मला गणपतीला नेशील ना?" त्यांनी एकटीने मास्क लावून भागणार नाही, पुढे उभं राहून आरती म्हणणाऱ्याने लावायला हवा.

म्हणून दारात सर्जिकल मास्कचा खोका ठेवू या, कापडी नको. दोघं-तिघं मोठी माणसं तिथे उभी राहू देत. हॉलची मागची दारं उघडी, आणि प्रसाद बाहेर पार्किंगमध्ये.

तुमची,
ताई

---

अगं, लस घेतलेल्या माणसांना सक्ती असावी हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. बांगलादेशात तेव्हा बहुतेकांना लस मिळालेली नव्हती, इथे बहुतेकांनी घेतली आहे. पण सासूबाईंचं आधी माहीत असतं तर असं लिहिलं नसतं. त्यांना घेऊन ये. दारात मी उभा राहतो, साडेनऊपासून. जे ऐकणार नाहीत त्यांच्याशी मी बोलेन.

मोदक बाहेर द्यायचे तर झाकणाचे छोटे डबे लागतील, निदान २०० तरी. कोणाकडे आहेत?

काका