मदत हवी आहे: सौर तीनचाकीसाठी हलकी हब मोटर, पण सपाटीवर वीज खाणारी नको

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं फावल्या वेळात एक तीनचाकी सायकल बांधतोय. रेलून बसायची सीट, पुढे दोन चाकं, मागे एक, आणि डोक्यावर २०० वॅटचं सोलर पॅनेल. मी, बॅटरी, सामान असं सगळं धरून वजन १४० किलोच्या घरात जातं. मागच्या २६ इंची चाकात बिनगिअरची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी मोटर) आहे, ती एकटीच साडेसहा किलोची. पॅडल मी मारतोच, मोटर सोबतीला.

पॅनेल आडवं असल्यामुळे भर दुपारीही हातात १३०-१४० वॅटच येतात. परवा चाक उचलून, थ्रॉटल पूर्ण दाबून मोजलं, तर ४८ व्होल्टला ०.८५ अँपिअर. म्हणजे ४१ वॅट नुसतं चाक हवेत फिरवायला! उन्हातून मिळालेल्यातला जवळपास तिसरा हिस्सा. मोटर बंद करून पॅडल मारलं तरी चाक जड लागतं, ते वेगळंच.

मोटर बदलायची हे नक्की केलंय, कोणती घ्यावी ते ठरत नाही. गिअरवाली घेतली तर वजन अडीच किलोवर येतं आणि आत फ्रीव्हील (एकाच दिशेने पकडणारी खटक्याची चकती) असल्यामुळे बंद असताना चाक मोकळं फिरतं. पण तिचे नायलॉनचे गिअर १४० किलो चढावर ओढतील का, याची धास्ती आहे. दुसरीकडे लोखंडच नसलेल्या चकतीसारख्या मोटरी. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात ऑरोरा या सौर गाडीसाठी अशी मोटर बनवली होती, तिची कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या आसपास. हे वाचल्यापासून झोप उडालीय. सायकलला असं काही जमेल का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी मोजणी नीट करू. पूर्ण थ्रॉटलला तुमचं चाक किती वेगाने फिरत होतं? तुम्ही त्या वेगाने कधी जाणार आहात का? मोटर फिरताना तिच्या लोखंडात वाया जाणारी वीज, म्हणजे लोखंडातला तोटा, दोन प्रकारचा. हिस्टेरेसिसचा (लोखंडाचं चुंबकत्व सतत उलटसुलट होण्यातला) वेगाच्या प्रमाणात वाढतो, भोवरी प्रवाहांचा (लोखंडातच गोल फिरणाऱ्या विजेचा) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे तुम्ही रोज ज्या वेगाने चालवता, त्याच वेगाला थ्रॉटल धरून पुन्हा मोजा. शिवाय त्या आकड्यात कंट्रोलरचे (मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटचे) दोन-तीन वॅटही आहेत.

मोटर घेताना स्टेटरचे (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचे) पत्रे किती जाडीचे आहेत ते जरूर विचारा. ०.५ मिमीऐवजी ०.३५ मिमीचे पत्रे असतील, तर भोवरी प्रवाहांचा तोटा निम्म्यावर येतो. विकणारे वॅट सांगतात, वेग सांगतात, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

प्रतिसाद २

९८ टक्क्यांच्या मोहात पडण्याआधी हा हिशेब पाहा. सौर गाडीची ती मोटर मिनिटाला हजाराहून थोडे जास्त फेरे आणि सुमारे १६ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), म्हणजे १८०० वॅट यासाठी बनलेली. तोटा ३६ वॅट, बहुतेक सगळा तांब्यातला, म्हणजे गुंडाळलेली तार तापण्यातला. सायकलचं २६ इंची चाक ताशी २२ किमीला मिनिटाला १८० च्या आतच फेरे घेतं. तोच टॉर्क मागितलात तर काम ३०० वॅटचं होईल, तांबं मात्र जवळजवळ तेवढंच तापेल. म्हणजे कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास आली. तांब्याला वेगाशी देणंघेणं नाही, ते टॉर्कवर तापतं.

हलक्या भारावर अशा मोटरीला तोड नाही हे खरं, कारण लोखंड नाही तर लोखंडाचा तोटाही नाही. पण चुंबकाचं क्षेत्र थेट तारेतून जातं, म्हणून बारीक बारीक तारांची पिळलेली वायर लागते, नाहीतर जाड तारेतच भोवरी प्रवाह उठतात. इंडक्टन्स (करंटच्या चढउताराला होणारा अटकाव) इतका कमी असतो, की साध्या कंट्रोलरबरोबर वेगळी कॉइल जोडावी लागते, नाहीतर करंट नुसता उड्या मारतो. घरी बांधायची असेल तर दोन्ही बाजूंच्या चुंबक-चकत्या एकमेकींना किती जोराने खेचतात ते आधी लक्षात घ्या. बोटं जपा, मी मनापासून सांगतोय.

मागचं चाक २० इंची करता येईल का? तेवढ्याच ओढीला टॉर्क पाऊणपट लागेल आणि तांब्यातली उष्णता सुमारे ६० टक्क्यांवर येईल. मात्र मोटर जास्त वेगाने फिरेल, तेव्हा लोखंडाचा तोटा थोडा वाढेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पूर्ण थ्रॉटलचा वेग ताशी ३८ किमी होता. २२ ला पुन्हा मोजलं, ०.४ अँपिअर, म्हणजे १९ वॅट. वाइंडिंगचा (मोटरमधल्या तांब्याच्या तारेचा) रोध ०.३ ओम आला. सपाटीवर १२० वॅटला साडेचार अँपिअरच्या आत करंट लागतो, म्हणजे तांब्यात जेमतेम सहा वॅट. लोखंड त्याच्या जवळपास तिप्पट खातंय!

चढाला चित्र उलटं होतं. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी १० किमीने, पॅडल न मारता, करंट २० अँपिअर निघतो आणि १२० वॅट तांब्यात जातात, काम मात्र २५० वॅटचंच. मी ९० वॅटचं पॅडल मारलं, तर हाच तोटा ४८ वॅटवर येतो. एवढा फरक पडत असेल असं वाटलं नव्हतं.

त्यामुळे आता असं डोक्यात आहे, की सपाटीवर मोटर बंद ठेवून फक्त पॅडल मारायचं, ऊन बॅटरीत साठवायचं आणि ते चढावर खर्च करायचं. त्याला फ्रीव्हीलवाली गिअर मोटर चपखल बसते, चाकही २० इंची करतो. फ्रीव्हीलमुळे उताराला ब्रेकमधून वीज परत मिळणार नाही, ते चालेल.

शंका एकच उरली. गिअरवाल्या हबमध्ये मोटर बाहेरच्या कवचापासून सुटी असते, त्यामुळे उष्णता सहज बाहेर पडत नाही. वीस-पंचवीस मिनिटांच्या सलग चढावर कोणी आत सेन्सर लावून तापमान मोजलंय का? एवढंच वजन ओढत असाल तर किती अँपिअरवर मर्यादा ठेवता, तेही सांगा.