लग्नं अन् पाखरं, दोन्हीसाठी एक बॉडी: आर७ की आर६ मार्क टू?

मुरुमवाट:

राम राम मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय उत्तर नीट येणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

केळापूर तालुक्यातलं गाव आमचं. पांढरकवड्याला लहानसं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, अन् तुळशीचं लग्न आटोपलं की पाऊस लागेपर्यंत लग्नं. हंगामात वीस-बावीस होतात. घर त्याच्यावरच चालते.

दुसरं वेड पाखरांचं. सकाळी वावरात जाताना खांद्याला कॅमेरा असतोच. नाल्यावर खंड्या, तारेवर नीलपंख, हिवाळ्यात तळ्यावर पट्टकादंब उतरतात. टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा कोणाच्या तरी जिप्सीत मागची जागा मिळते. बायको म्हणते, लग्नाचे पैसे येतात अन् पाखराचे जातात. खरं आहे.

सध्या कॅनन ६डी आहे. २०१२ सालचं मॉडेल, मी जुनाच घेतला होता. फुल फ्रेम (म्हणजे मोठा सेन्सर, उजेड टिपणारी चिप), २० मेगापिक्सेल, फोकसचे ११ पॉइंट, त्यातला भरवशाचा मधला एकच. सेकंदाला साडेचार फोटो. अन् कार्डाची खाच एक. मागच्या वैशाखात हळदीचं कार्ड वरातीच्या आधीच मेलं. नागपूरला नेऊन निम्मे फोटो काढून आणले. नवरीच्या काकानं राहिलेले पैसे दिले, पण धाकट्या पोरीच्या लग्नाले फोटोवाला दुसरा सांगितला.

म्हणून आता दोन कार्डांचा मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्यायचा. लेन्सा तीन आहेत, तिन्ही जुन्या ईएफ माउंटच्या (कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांची बसणी): २४-१०५ एफ/४, ५० एफ/१.८ अन् ७०-२०० एफ/४ (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, लहान तितका उजेड जास्त). त्या विकायच्या नाहीत, म्हणजे कॅननमध्येच राहावं लागते, आर७ नाही तर आर६ मार्क टू. कापसाचे पैसे धरून ताणून दोन लाख जमतात. आर६ मार्क टू घेतला तर खिसा झटकून उभं राहावं लागेल. आर७ घेतला तर पाखरांसाठी आरएफ १००-४०० (नव्या माउंटची लांब लेन्स) त्यातच बसते. कोणता घ्यावा?

पॉवरबँक_राजा:

मार्क टू. फुल फ्रेम ते फुल फ्रेम. विषय संपला.

धानबांधी:

विषय संपत नाही राजे, आत्ता सुरू होतो.

मी गोंदियाकडचा. आर७ वापरतो, बहुतेक सारस आणि तळ्यावरची बदकं. मी लग्नं करत नाही, तेव्हा तेवढी बाजू दुसऱ्यांनी सांगावी. पाखरांचं मी सांगतो.

आर७ चा सेन्सर लहान, १.६ क्रॉपचा (चौकट फुल फ्रेमपेक्षा १.६ पट अरुंद), आणि त्यावर ३२.५ मेगापिक्सेल. मार्क टूचा सेन्सर मोठा, त्यावर २४.२. दोन्हीला ४०० ची लेन्स लावून एकाच बांधावरून एकच सारस टिपला, तर सेन्सरवर पडणारं त्याचं चित्र दोन्हीकडे सारखंच, मिलिमीटरमध्ये मोजलं तरी. फरक एवढाच की आर७ त्या चित्रात बारीक पिक्सेल भरतो. मार्क टूचा फोटो त्याच चौकटीत कापला की हातात साडेनऊ मेगापिक्सेल उरतात. सारस साडेनऊत भागतो, तो माणसाएवढा आहे. नाल्यावरचा खंड्या भागत नाही, कारण त्याला आधीच अर्धा कापलेला असतो.

आता लोक म्हणतात, मोठा सेन्सर अंधारात चांगला. बरोबर आहे, पण चौकट भरता आली तरच. पाखरू लांब आहे, लेन्स तीच, छिद्र तेच, म्हणजे पाखरावरून येणारा उजेड दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच मिळतो. जो भाग कापून फेकलास, त्याच्यावरचा उजेड तुझ्या कामाचा नव्हता. त्यामुळे कापून-कापून पाहायचं असेल, तर फुल फ्रेमचा फायदा बराचसा विरतो.

आर७ च्या खोडीही सांगतो. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५, तेच वापर. इलेक्ट्रॉनिकवर ३० मिळतात, पण सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला वेळ घेतो, तेवढ्यात उडत्या पाखराचे पंख वाकडे येतात. वेळ मार्क टूलाही लागतो, पण साधारण निम्मा. आणि रॉमध्ये (कच्ची, मोठी फाइल) बोट दाबून धरलंस की तीन-साडेतीन सेकंदांत बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो, मग कॅमेरा अडखळत चालतो. बोट उचलायची सवय लाव.

अंतरपाट_वणी:

बाबू, तीस वर्सं लग्नं केली म्या. रोलच्या जमान्यापासून. तू पाखराचा प्रश्न विचारला अन् लग्नाचा पुसता पुसता राहिला, म्हणून तिकडचं सांगतो.

तुह्या लेन्सा दोन्ही बॉडीले अडॅप्टरवर चालतीन. अडॅप्टरात काच नाही, नुसती नळी हाय, फोकसही चालते. पण आर७ वर २४-१०५ ची ३८-१६८ होते. आता सांग, खेड्यातल्या घरात हळद. दहा बाय बाराची खोली, मधात पाट, भोवताल पंधरा बाया, करवल्या, पोट्टे. ३८ घेऊन तू कुठं उभा रायशीन? भिंतीत? तुले आर७ संगं एक रुंद लेन्स घेनंच पडते, अन् ते पैसे तू हिशोबात धरलेच नाहीस.

दुसरं, रातचं लगन. मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ अडीच पटीच्या वर हाय, म्हणजे सव्वा स्टॉपहून जरा जास्तच (एक स्टॉप म्हंजे उजेड दुप्पट). लग्नात तू नवरीजवळ जाऊ शकतोस, चौकट भरू शकतोस. म्हणजे धानबांधी भाऊनं सांगितलेला हिशोब इथं उलटा फिरते, हा सव्वा स्टॉप पूरा तुह्या पदरात पडते. एफ/४ ची लेन्स लावून अंतरपाट धरला तेव्हाचा नवरीचा चेहरा काढायचा असन, तं तो सव्वा स्टॉप काय चीज हाय ते कयते.

तिसरं लाइटींचं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्याच्यामुये हलक्या एलईडी सेकंदाले शंभर खेपा कमी-जास्त होतात. डोयाले दिसत नाही, कॅमेऱ्याले दिसते. मांडवात शटर १/१०० नाही तं १/५० ठेव अन् मेकॅनिकल ठेव. आवाज होत नाही म्हणून पोट्टे इलेक्ट्रॉनिक लावतात अन् मंग फोटोवर पट्टे येतात. अरे, मंगलाष्टकाच्या भोंग्यापुढं शटर आयकते कोन?

अन् उन्हाया. कॅननच्या मॅन्युअलात ० ते ४० अंश लिवलं हाय. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच त्याच्यावर जाते. दोन्ही बॉड्यांले एकच नियम. वरात येईस्तोवर कॅमेरा उन्हात खुर्चीवर ठेवू नोको, वरून पांढरा दुपट्टा टाक. ४केचा लंबा व्हिडिओ दुपारी मांडवाबाहीर काढू नोको.

पन माह्यं म्हननं आयकून घेऊ नोको, धानबांधीचंबी नोको. कंप्युटर उघड. मागच्या हंगामातले गिऱ्हाइकाच्या अल्बमात गेलेले फोटो कहाड, अन् पाखराचे ठेवलेले कहाड. कोणत्या आयएसओवर (अंधारात चढवतो तो आकडा), कोणत्या लेन्सीवर, किती कापले, ते मोज. मंग इथं ये.

मुरुमवाट:

काका, मोजले. दोन रात्री गेल्या. बायकोला वाटलं हिशोब करतो आहे, अन् तसं ते खरंच होतं.

लग्नं चारच घेतली, सगळी बसून मोजायचा दम नाही. अल्बमात गेलेले फोटो ६४०. त्यातले ३९० आयएसओ ३२०० च्या वरचे. म्हणजे अंधाराचा प्रश्न खरा आहे. पण फेकलेले फोटो पाहिले तेव्हा वेगळंच निघालं. निम्म्याहून जास्त अंधारानं नाही गेले, फोकसनं गेले. नवरीच्या कानातल्या झुमक्यावर फोकस, डोळे मऊ. मधला पॉइंट डोळ्यावर ठेवून कॅमेरा फिरवायची सवय, त्यात ती हलली की गेलं. हे दोन्ही मिररलेस डोळा स्वतः पकडतात, म्हणजे तो अर्धा त्रास कोणताही घेतला तरी संपते.

पाखरांचे ठेवलेले १८६. त्यातले १७१ अर्ध्याहून जास्त कापलेले! अन् आयएसओ बहुतेक २०० ते ८००, कारण मी वावरात पोहोचतो तेव्हा ऊन चांगलं चढलेलं असते. मी इतके दिवस समजत होतो की पाखरांसाठी मला अंधारातला कॅमेरा पाहिजे. तसं काही नाही, मला लांबीच पाहिजे.

सगळ्यात हसू आलं ते वाघाचं. टिपेश्वरचे वाघाचे फोटो नऊ. नऊच्या नऊ ७० ते १३५ मिलिमीटरमधले. वाघ रस्त्यावरच बसलेला असतो, जिप्सीपासून दोन बैलगाड्यांवर. त्याच्यासाठी ४०० लागतच नाही. टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये गळ्यात कॉलर घेऊन चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला होता, तेराशे किलोमीटरच्या वर. त्याले लांबी लागली, मले नाही.

पॉवरबँक_राजा:

म्हणजे मार्क टू. म्हटलं नव्हतं?

धानबांधी:

१७१ पैकी १८६ कापलेले म्हणजे आर७.

(आकडे उलटे लिहिले, १८६ पैकी १७१. सकाळपासून चहा नाही.)

एक विचारतो. नवरंग टिपला आहेस का? तो पावसाळ्यात येतो, जुलै ते सप्टेंबर तुझं टिपेश्वर बंद, म्हणजे बाहेरच्या नाल्याकाठीच शोधावा लागणार. झाडाखाली, ओल्या पाचोळ्यात, ढगाळ उजेडात. तिथे आरएफ १००-४०० चारशेवर एफ/८ असते आणि आयएसओ सहज ६४०० वर जातो. ही हलकी लेन्स, ६३५ ग्रॅम, शेतात न्यायला सोन्यासारखी. पण पावसाळ्यात तिची मर्यादा कळते. बॉडी कोणतीही घेतलीस तरी नवरंग अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझ्या जुन्या ६डीवर एफ/८ ला फोकसच चालत नव्हता, या दोन्हींवर चालतो. तेवढी प्रगती धर.

माझा सल्ला, घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आण.

मुरुमवाट:

आणला. नागपूरहून आर७ अन् १००-४०० दोन दिवसांसाठी. मार्क टू भाड्यानं मिळाला नाही, तेव्हा तराजूत एकच पारडं आहे, हे धरून वाचा.

पहिल्या सकाळी तारेवरचा नीलपंख. दहा वर्षांत त्याच्या पंखांतला तो निळा असा आला नव्हता. अर्धा कापला तरी पिसं मोजता येतात. दुकानात काउंटरच्या काचेखाली प्रिंट लावला आहे, झेरॉक्सला आलेले लोक विचारतात, ‘कुठून उतरवला?’ आपल्याच वावरातला म्हटलं की विश्वास बसत नाही.

संध्याकाळी शेजारच्या घरची हळद होती. काका, तुम्ही भिंतीत म्हणाला होता, मी चुलीजवळच्या दारात जाऊन उभा राहिलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. तरी करवल्या कापल्या गेल्या. ५० लावली तर ती ८० सारखी वागते, नुसते चेहरे येतात, कोण कोणाले हळद लावून राहिलं ते दिसत नाही. फोकस मात्र एकही चुकला नाही, हे कबूल. आयएसओ ६४०० वर पिवळ्या रंगाच्या सावल्यांत डाग येतात. सॉफ्टवेअरनं साफ होतात, पण माझ्या जुन्या कंप्युटरवर एका फोटोला दीड मिनिट लागते. अशा एका लग्नाचे सहाशे फोटो म्हटले, तर पंधरा तास. वैशाखात लागोपाठ चार तिथी असतात.

मग अल्बमवाल्याशी बोलून आठ बाय बारा इंची फोटोचा हिशोब केला. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) त्याला ८६ लाख पिक्सेल लागतात. मार्क टूच्या क्रॉपमधले साडेनऊ मेगापिक्सेल तेवढ्याला पुरतात. खंड्या पुरणार नाही, नीलपंख पुरेल. खंड्यासाठी जवळ जाऊन लपून बसावं लागेल. नाल्यावर कुडाचा आडोसा करतो, त्याला पैसे लागत नाहीत.

तेव्हा मार्क टू ठरला. पैसे तो कमावून देईल. १००-४०० पुढच्या कापसाला. धानबांधी भाऊ, तुमचं पटलं नाही असं नाही, पटलं म्हणूनच दोन दिवस वाईट वाटलं.

शेवटचं एक. ईएफचा अडॅप्टर साधा घ्यावा की कंट्रोल रिंगवाला (सेटिंग बदलायची फिरती कडी असलेला)?

अंतरपाट_वणी:

साधा. रिंग गर्दीत कोपराले लागून फिरते, अन् फोटो काळा येईस्तोवर कयत नाही.

अन् पह्यल्याच दिवशी मेनूत जाऊन दोन्ही कार्डांवर एकसंगं लिहायचं चालू कर. ते आपोआप चालू राहत नाही.