प्रतिसाद: कॅमेऱ्यामुळे दर्शन राहून जातं?
'कॅमेरा हातात आला की दर्शन राहूनच जातं' असं या चर्चेत वर म्हटलंय. सेल्फीवाल्यांपुरतं मान्य. पण आम्ही जळगावकर अजिंठ्याला जातो तेव्हा उलटंच होतं. तिथे फ्लॅशला बंदी. पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या भित्तिचित्रासमोर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावंच लागतं, मग हात हलू नये म्हणून श्वास रोखून मंद शटर (म्हणजे जास्त वेळ उघडं राहणारं). (तेवढ्यात मागून 'सरक ना भो' येतंच!)

भुसावळला ज्याची कबर आहे, त्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराचं नाव या चर्चेत अजून कोणी घेतलं नाही. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती रंगवत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने काढलेले लेण्यांचे स्टिरिओ फोटो (खोली दिसावी म्हणून काढलेले जोडफोटो) मात्र आजही बघायला मिळतात. कॅमेऱ्याला नावं ठेवण्याआधी तेवढे बघाच.